चित्राची पाठ

एका राज्यात चित्रं गात असत. तुम्ही म्हणाल, चित्रं कशी गातील? गात असत, म्हणून तर सांगतो. मधे मधे शंका काढाल तर गोष्ट पुढे सरकायची नाही.

ते राज्य पूर्वेच्या समुद्रात, बेटाबेटांचं. तिथल्या माणसांना आपल्या डोंगर-नद्यांचा भारी अभिमान, आणि त्याहून जास्त आपल्या कानांचा. शरद ऋतू आला की दुकानदार दुकानं लावून घेत, चटया काखोटीला मारत आणि दिवस कलताना माळावर जाऊन रातकिडे ऐकत बसत. कुठल्या माळावरचा किडा जास्त गोड, यावरून गावागावांत वाद होत आणि वाद चांगले पंचांपर्यंत जात. देवदारांतला वारा वेगळा, बांबूतला वेगळा, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळे. असं ऐकणारं राज्य दुसरं नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

आणि त्यांची चित्रं. ती कुंचल्यानं एकेक रंगवलेली नव्हेत, लाकडी ठशांनी छापलेली. एक जण चित्र काढी, दुसरा ते चेरीच्या फळीवर कोरी, तिसरा कागदावर छापी. ठशांच्या एका जोडावरून दोनशे कागद निघत आणि दोनशे घरी जात. न्हाव्याकडे तेच चित्र, सरदाराकडेही तेच. भिंतीवर टांगायची रीत नव्हती. पेटीत ठेवायचं, ऋतू आला की काढायचं, दोन्ही हातांत धरून खिडकीशी बसायचं आणि कागद जरा तिरपा करायचा. पावसाचं चित्र असेल तर पाऊस ऐकू येई, बासरीवाल्याचं असेल तर बासरी.

या राज्यात इसोनो नावाची छापणारी होती. चाळिशीची, बुटकी, मनगटं जाड, जीभ तिखट. ठशावर रंग फासायचा, वर ओलसर कागद अंथरायचा आणि कागदाच्या पाठीवरून घोटणी फिरवायची, हे तिचं काम. घोटणी म्हणजे बांबूच्या पानात गुंडाळलेली तळहाताएवढी चकती. ही चकती इसोनोच्या हातात असली की नदीचा निळा काठाशी गडद आणि मधे फिका असा उतरत जाई, की बघणाऱ्याला पाय बुडवावासा वाटे. तिच्या तोडीची छापणारी त्या राज्यात नव्हती. हे लोक म्हणत, आणि लोकांनी म्हणायच्या आधी ती स्वतः म्हणे.

तिची धाकटी बहीण तामायो. आईबाप लवकर गेले, तेव्हा इसोनोनंच तिला भरवलं, न्हाऊ घातलं, वाढवलं. तामायो दरबारात कोतो वाजवी. कोतो हे तेरा तारांचं, पुरुषभर लांबीचं वाद्य, जमिनीवर आडवं ठेवून वाजवतात. तामायो नदीकाठी कोतो घेऊन बसली की बेडूक ओरडायचे थांबत आणि मग तिच्या सुरात सूर मिसळत. राजा महालाच्या सज्जातून ऐके. ऐकता ऐकता त्याच्या मनात आलं, हे एवढं चांगलं, मग ते सगळ्यांचं कशाला?

राजानं हुकूम काढला. "तामायोचं चित्र करा. नदीकाठ, चेरीचं झाड, पुढ्यात कोतो. प्रत एकच निघेल. ती माझी. मग ठसे जाळा."

आता छापखान्याची एक रीत आहे, ती ध्यानात घ्या. छापताना पहिला कागद नमुन्याचा काढतात. रंग बसला का, रेघ सरकली का, ते पाहतात, आणि तो कागद छापखान्यातच दोरीवर राहतो, कुणाला देत नाहीत. प्रधान म्हणाला, "राजाज्ञा आहे. नमुनाही नको." दुसरी कुणी असती तर अडून बसली असती. कोरणाऱ्या तोकुबेई काकांनी तिला बाजूला घेऊन सांगितलंही, की पोरी, रीत मोडू नकोस. पण इसोनोनं नाक वर केलं.

"काका, नमुना कच्च्या हाताला लागतो. माझा पहिला कागद तोच शेवटचा."

आणि तिनं तसंच छापलं. एक कागद, एक दिवस, एक चूक नाही. तामायोचा किमोनो निळा होता, केना या रानफुलाच्या जातीच्या एका फुलाचा निळा, सगळ्या रंगांत नाजूक. तो निळा तिनं असा उतरवला की तोकुबेई काकांनी मान खाली घातली आणि स्वतःच्या हातांनी ठसे चुलीत टाकले.

राजानं आपला जादूगार मूगेन याला बोलावलं. मूगेननं चित्रावर फुंकर घातली आणि म्हटलं, "एकाचं ते एकाचंच राहो." त्याच क्षणी नदीकाठी तामायोचं आसन रिकामं झालं. ती चित्रात गेली, कोतोसकट. आणि चित्रात तिच्याभोवती जे जे काढलेलं होतं त्याचा आवाजही तिच्यामागे आत गेला, आणि त्यापाठोपाठ राज्यातलं सगळं गाणं. नदी मुकी झाली, बेडूक मुके झाले, वारा झाडं हलवी पण सळसळ नाही. बासऱ्यांत फुंकलं तर नुसती हवा. माणसांना बोलता येई, गाता येत नसे. आया पोरांना निजवताना नुसत्याच थोपटत.

राजानं तीन दिवस ऐकलं, अगदी पोटभर. चौथ्या दिवशी त्यालाही ऐकू येईना. मग त्यानं चित्र सोन्याच्या चौकटीत बसवलं, पूर्वेच्या दालनात भर उन्हात टांगलं आणि त्याच्यासमोर कानाला हात लावून बसून राहिला. बसा म्हणावं.

इसोनो रोज महालाच्या दारात जाई आणि पहारेकरी रोज तिला परतवत. असं वर्ष गेलं. एके सकाळी तिच्या खिडकीत एक बुलबुल येऊन बसला.

बुलबुल म्हणाला, "नमस्कार. माझं गाणं गेलं, बोलणं उरलं. मला ते शोभत नाही, पण आहे त्यात भागवतो."

इसोनो म्हणाली, "बातमी असेल तर सांग. नसेल तर दाणे बाहेर टाकलेत."

"बातमी आहे. मी महालाच्या खिडकीतून पाहिलं. तुझ्या बहिणीचा निळा विटतोय. बाह्या पांढऱ्या झाल्या, कमरपट्टा पांढरा झाला. खांदा तेवढा उरलाय."

"आणि खांदा विटला की?"

"की ती नाही. कागद राहील, कोतो राहील. ती नाही. चाळीस दिवस धर."

केन्याचा निळा उन्हात टिकत नाही हे राज्यातल्या कुणालाही माहीत होतं. म्हणून तर चित्रं पेटीत ठेवत. पण राजाला कोण सांगणार? तिनं घोटणी कमरेला खोचली, दाराला कडी घातली आणि बुलबुलाला म्हणाली, "जादूगाराचं घर दाखव."

मूगेन महालामागच्या दलदलीत राहत असे, पाण्यावर तरंगणाऱ्या घरात. तो वाईट माणूस नव्हता, चांगलाही नव्हता. सांगितलेलं काम चोख करणारा होता, आणि अशा माणसांची मला जास्त भीती वाटते.

"माझी बहीण सोडवा," इसोनो म्हणाली.

"मी जादू लावतो. सोडवणारा वेगळा लागतो."

"कोण?"

"जिच्यामुळे लागली ती."

"राजामुळे लागली."

मूगेननं मान हलवली. "राजाची इच्छा होती. माझी फुंकर होती. पण ही जादू ज्याची जगात दुसरी प्रत नाही त्याच्यावरच बसते. दोरीवर नमुना असता तर माझी फुंकर वाया गेली असती. नमुना कुणी काढला नाही?"

वर्षभर ती राजाला शिव्या घालत होती, उठता बसता. तिथं त्या चिखलात उभं राहून तिला कळलं की त्यातली निम्मी शिवी आपल्या वाट्याची आहे. आपल्याच मोठेपणानं आपली तामायो कागदात गेली. ती तिथेच बसून रडली, अगदी मोठ्यानं, लहान मुलासारखी. मूगेननं तिला रडू दिलं.

मग तो म्हणाला, "तेच चित्र पुन्हा छाप. रेघेला रेघ, रंगाला रंग. तीन गोष्टी मिळव. ज्या झाडाची पहिली फळी होती त्याच झाडाची फळी. तो डोंगरावरचा आद्य चेरी. धुक्याच्या बेटावरचा निळा. आणि राजाच्या भिंतीवरचं चित्र हातात घे, कारण रेघा आता फक्त तिथेच आहेत. त्याला हात लावील तो स्वतः रेघ होऊन भिंतीला चिकटेल, एवढं सांगणं माझं काम."

"सांगितलंत. उपकार झाले," म्हणून इसोनो उठली. चिखल झटकला आणि निघाली.

डोंगर जाऊन येऊन सात दिवसांचा. वर आद्य चेरी उभा, दहा माणसांच्या कवेत न मावणारा. तो बोलत असे, हे तिथले सगळेच जाणत. झाडाभोवती गंजलेल्या कुऱ्हाडींचा ढीग पडलेला होता.

झाड म्हणालं, "काय हवं?"

"एक फळी. दोन हात लांब, हातभर रुंद."

"तुझ्याआधीही पुष्कळ आले. सगळ्यांनी माझी स्तुती केली. एकानं म्हटलं, तुमच्या पानांची सळसळ किती गोड. राज्यात सळसळ उरलेली नाही हे त्याच्या लक्षातही आलं नाही. तू काय ऐकतेस?"

"काही नाही. ठार मुकं आहे सगळं."

"मग माझ्याबद्दल काय सांगशील?"

इसोनोनं दोन्ही तळहात खोडावर ठेवले आणि डोळे मिटले. वीस वर्षं लाकडावर हात फिरवणारी ती, तिला लाकूड काय सांगायचं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "पाणी उजवीकडून चढतंय. डावीकडे पूर्वी वीज पडली होती, तिथे गाठी आहेत, ते लाकूड कोरायला जड जाईल. दक्षिणेची तिसरी फांदी दोन वर्षांपासून वठत आलीय. तुम्हाला ती दुखते. तीच द्या मला. तुमचं ओझं उतरेल, माझं काम होईल."

मग ती फांदी आपोआप सुटली आणि इसोनोच्या पायाशी आली, फळीच्या मापात चिरलेली. झाड म्हणालं, "कुऱ्हाडीच्या आधी हात लावणारी तू पहिली."

"आमच्या धंद्यात हातच आधी लागतो," असं म्हणून तिनं वाकून नमस्कार केला, फळी पाठीला बांधली आणि उतरली. एक काम झालं.

धुक्याचं बेट नावेनं पाच दिवसांवर. तिथं निळी फुलं पहाटे उमलतात आणि ऊन लागताच मिटून चिखल होतात. फुलांची राखण धुकेबाई करी. तिचे पाय दिसत नसत, पदर बेटभर पसरलेला असे.

"फुलं खुडू का, बाई?" इसोनोनं विचारलं.

"खूड. पण माझ्या बेटावरून रंग नेणाऱ्यानं रंग ठेवून जावा. माझ्याकडे पांढरा सोडून काही नाही. कंटाळले मी."

इसोनोनं पिशवीतले रंग पुढे केले. तांबडा, हळद्या, शेवाळी. धुकेबाईनं मान फिरवली. "हे विकत मिळतात. तुझा स्वतःचा दे."

इसोनोच्या केसांचा तिला तोरा होता. काळेभोर, पोटरीपर्यंत, रोज तेल लावून अंबाडा घालायची. तिनं अंबाडा सोडला. "हा घ्या काळा. खोटा नाही, आईकडून आलाय."

धुकेबाईनं केसांवरून हात फिरवला. काळा तिच्या पदरात उतरला आणि बेटावर पहिल्यांदा सावल्या पडल्या. इसोनोचे केस मुळापासून टोकापर्यंत पांढरे झाले. तिनं ते पुन्हा बांधले, टोपलीभर फुलं खुडली, रस काढून कागदाच्या पट्ट्यांत जिरवला आणि पट्ट्या काळ्या कापडात गुंडाळल्या. नावेत बसल्यावर तिनं पाण्यात एकदा आपलं तोंड पाहिलं आणि मग पुन्हा पाहिलं नाही. दुसरं काम झालं. तेहेतीस दिवस उरले होते तेव्हा ती बेटाकडे निघाली होती, परत आली तेव्हा तेवीस.

पांढऱ्या केसांची बाई पाहून पहारेकऱ्यांनी तिला ओळखलं नाही. कुणी म्हातारी राजाला आशीर्वाद द्यायला आली असेल, अशा समजुतीनं आत सोडलं. पूर्वेच्या दालनात ऊन भरलेलं होतं. भिंतीवर दोन माणसं नुसत्या रेघांची उभी होती, एकाच्या हातात झाडू, एकाच्या हातात फडकं. चित्र पुसायला गेलेले नोकर ते, बिचारे. समोर राजा. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, हात कानाला. आणि चौकटीत तामायो. चेहरा पुसट, बाह्या गेलेल्या, खांद्यावर रुपयाएवढा निळा.

इसोनो राजासमोर जाऊन उभी राहिली.

ती म्हणाली, "महाराज, चित्र असं बघत नाहीत."

राजानं मान वळवली. "मग कसं?"

"हातात धरून. तिरपं करून. उजेड कडेनं घेऊन. तुमच्या राज्यातल्या भाजीवाल्याला येतं हे."

"त्याला हात लावणारा रेघ होतो."

"समोरून लावणारा. चित्राचा चेहरा काढणाऱ्याचा असतो, रेघ कोरणाऱ्याची. पाठ छापणाऱ्याची असते. ही पाठ मी घोटली आहे. मला ती परकी नाही."

"तू कोण?"

"इसोनो. हिची बहीण, आणि ज्या चुकीनं ही आत गेली ती करणारी. तुमची चूक वेगळी, ती तुमची तुम्ही बघा."

राजाला असं कुणी बोललं नव्हतं. इसोनोनं चौकटीच्या मागून हात घातला. कागदाच्या पाठीवर तिच्या घोटणीचे वळसे होते, वर्षापूर्वीचे, बोटांना लागतील असे. बोटांनी ते ओळखले. ती रेघ झाली नाही. तिनं चित्र अलगद सोडवलं, मागूनच पेललं, खिडकीपासून दूर सावलीत नेलं आणि जरा तिरपं केलं.

"या इकडे," ती राजाला म्हणाली.

राजा आला. कोतोच्या वर चित्रात नुसतं पांढरं आकाश होतं, रोज तो ते पाहत होता. आता कडेच्या उजेडात त्या पांढऱ्यावर लाटा दिसल्या. रंग नाही, शाई नाही, कागदच दाबून उठवलेला. कोतोपासून निघालेल्या, एकीत एक गुंतलेल्या, पानाच्या काठापर्यंत गेलेल्या बारीक लाटा. बिनरंगाचा ठसा लावून इसोनोनं त्या कोपरानं दाबल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. तामायो वाजवी ते तिला तसंच दिसे, म्हणून.

"हे इथे वर्षभर होतं?" राजानं विचारलं.

"होतं."

"मी पाहिलं नाही."

"नाही पाहिलंत."

राजा खाली बसला, सिंहासनावर नव्हे, जमिनीवर. मग म्हणाला, "काय करायचं ते सांग."

"चित्र मला न्यायला द्या. आणि तुम्हीही चला. कागद ओले करायला माणूस कमी आहे."

तुम्हाला खोटं वाटेल, पण राजा गेला. अंगरख्याच्या बाह्या वर खोचून तो छापखान्यात तुतीच्या सालीचे कागद ओले करत बसला, आणि पहिल्या दिवशी इतके भिजवले की इसोनोनं त्याला सगळ्यांसमोर झापलं. तोकुबेई काकांनी चित्राला हात लागू न देता वर पातळ कागद ठेवून रेघ न् रेघ उतरवली, तो कागद उलटा करून नव्या फळीवर चिकटवला आणि कोरायला बसले. केसांच्या रेघा कोरताना ते श्वास घेत नसत. सोळा दिवस लागले. खांद्यावरचा निळा तिळाएवढा राहिला होता.

मग इसोनो पाटापुढे बसली. राजानं दोन कागद दिले. तिनं दोन्हींवर आधी काळी रेघ छापली. छापखान्याबाहेर कुठेतरी एक रातकिडा बोलला आणि थांबला. तिनं मान वर केली नाही. शेवाळी लावला, बेडूक बोलले. फिका गुलाबी लावला, चेरीच्या फांद्यांतून वारा ऐकू आला. रस्त्यावर माणसं धावत बाहेर आली आणि झाडांखाली तोंड वर करून उभी राहिली. शेवटी निळा. पट्ट्या भिजवल्या, रंग सुटला, इसोनोनं काठाशी गडद आणि मधे फिका असा उतरवला, आणि नदी बोलू लागली. तोकुबेई काका कोरणी टाकून रडायला लागले.

पण तामायो मुकीच होती. जुन्या कागदावर तिचा निळा उरलाच नव्हता, नुसती पुसट बाह्यरेषा होती, आणि तीही हनुवटीपाशी तुटत चालली होती. राहिला होता बिनरंगाचा ठसा, लाटांचा. तो कोरून तयार होता. इसोनोनं पहिला कागद त्यावर ठेवला आणि तिचा हात थबकला.

"काय झालं?" राजानं विचारलं.

"ह्या लाटा मी तिचं वाजवणं ऐकत दाबल्या होत्या. कुठे जोर, कुठे हलकं, ते तिच्या तारा सांगायच्या. आता तारा नाहीत. मला गाण्यातलं कळत नाही, महाराज. मी छापणारी आहे."

हनुवटी गेली होती, ओठ जायला लागले होते. बुलबुल खिडकीत बसून पाहत होता. इसोनोनं डोळे मिटले आणि कोपर कागदावर टेकवलं. सूर आठवेना. आठवायचं तिनं सोडून दिलं. वीस वर्षं जशी घोटत आली तशी घोटू लागली. दोनदा सरळ, एकदा थांबून, मग वळसा. दोनदा सरळ, एकदा थांबून, मग वळसा. कागद दबत गेला. पांढऱ्यावर लाटा उठल्या. तिनं पहिला कागद राजाच्या हातात दिला, न थांबता दुसरा अंथरला, तसाच घोटला आणि तोकुबेई काकांना दिला. दोघांनी कागद तिरपे केले.

दोघांनाही एकाच वेळी कोतो ऐकू आला. मग खिडकीतल्या बुलबुलाला, मग रस्त्यावरच्या माणसांना. इसोनोनं डोळे उघडले तेव्हा छापखान्याच्या चटईवर तामायो बसलेली होती, गुडघ्यांवर चुरगळलेला निळा किमोनो, बोटं तारांवर, तोंडावर वर्षभराची झोप. जुना कागद शेजारी कोरा पडला होता. महालात भिंतीवरच्या दोन रेघांची पुन्हा माणसं झाली आणि झाडू-फडकी टाकून घरी गेली.

तामायोनं बहिणीकडे पाहिलं. "ताई, केस कुठे घालवलेस?"

"तुझ्या किमोनोत घातले," इसोनो म्हणाली, आणि तिला इतकं जवळ ओढलं की कोतोची एक तार तुटली.

सगळी रडून झाली, नाकं पुसून झाली, तेव्हा राजा पुढे आला. त्यानं दोघी बहिणींची क्षमा मागितली, उभ्यानं नव्हे, वाकून. मग म्हणाला, "या राज्यात इथून पुढे कुणाचंही चित्र एकच निघणार नाही, राजाचंही नाही. तामायो, तुझी ही चाल राज्यभर वाजेल. ती कुणाची म्हणून सांगावी? कुठल्या गुरूची?"

तामायो हसली. "गुरू कुठला, महाराज? मी पाच वर्षांची होते. एक खोली, एक दिवा. ताई पलीकडे कागद घोटायची, मी अलीकडे तारा छेडत बसायची. तिचा हात दोनदा सरळ जायचा, थांबायचा, मग वळायचा. मी तो तारांवर घेतला. नदीकाठचं तुम्ही सज्जातून ऐकलंत ते तेच. मी आजवर दुसरं काही वाजवलेलं नाही."

सगळे इसोनोकडे पाहू लागले. त्या बाईची जीभ जन्मात कधी अडली नव्हती, ती अडली. तिनं आपल्या हाताकडे पाहिलं, निळ्यानं माखलेल्या, घट्टे पडलेल्या, आणि ताठ बसली. मग राजाला म्हणाली, "कागद वाळतायत. अजून एकशे अठ्ठ्याण्णव व्हायचेत."

ते झाले. त्या दोनशे कागदांच्या कोपऱ्यात त्या राज्यात पहिल्यांदा तीन शिक्के उमटले, चित्र काढणाऱ्याचा, कोरणाऱ्या तोकुबेईचा आणि छापणाऱ्या इसोनोचा. न्हाव्याला एक मिळाला, भाजीवाल्याला एक, डोंगरावरच्या झाडाच्या ढोलीत एक ठेवला, धुक्याच्या बेटावर एक गेला, आणि दलदलीतल्या मूगेनलाही एक दिला, कारण त्यानं मागितला. राजानं रांग लावून आपला घेतला. त्या वर्षी शरद आला तेव्हा माळावर इतकी माणसं आली की चटया अंथरायला जागा पुरली नाही. तामायो मधोमध बसली. तिनं दोन स्वर सरळ घेतले, थांबली, मग वळली, आणि पांढऱ्या केसांची इसोनो सगळ्यांच्या पुढे मान ताठ करून बसली होती.

अशी ही छापणारीची गोष्ट. मी सांगितली, तुम्ही ऐकलीत, आता ती दोघांची झाली.